पामीर महामार्गावरचा अक-बैताल

ताजिकिस्तानातील खोरोगहून किर्गिझस्तानातील ओशकडे जाणाऱ्या पामीर महामार्गावर सायकल चालवायची, तर व्हिसाबरोबर गोर्नो-बदख्शान प्रांताचा वेगळा परवानाही लागतो. खोरोग साधारण २,१०० मीटरवर, तर वाटेतले मुरगाब गाव सुमारे ३,६०० मीटरवर आहे. या चढाला मी मुद्दाम अधिक दिवस दिले आणि विरळ हवेची सवय होण्यासाठी ते आवश्यकच होते, असे माझे ठाम मत आहे.

मुरगाबचा बाजार जुन्या मालवाहू कंटेनरांमध्ये भरतो. तिथे पाव आणि शेवया घेतल्या, कारण पुढे काराकुलपर्यंत दुकानाचा भरवसा नव्हता.

अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे सर्वांत हलक्या गिअरवरसुद्धा शंभरेक पावलांच्या अंतरानंतर थांबून श्वास घ्यावा लागत होता. वरचा कच्चा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला. टायरमधली हवा थोडी कमी केल्यावरच मनगटांना आराम मिळाला. शेवटचा चढ मी सायकल ढकलतच पार केला, आणि उतारावरून काराकुल सरोवराची निळी रेघ दिसली तेव्हा डोळे भरून आले.