दोन कंपनांचा फरक

काल रात्री माझ्या पहिल्या अल्बममधल्या तिसऱ्या गाण्याचे कच्चे मिक्स ऐकले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बाकी सारे ठरल्याप्रमाणेच आहे. गाण्यातले श्वास काढलेले नाहीत, पियानोचे पेडल सोडतानाचा हलका आवाजही मिक्सिंग करणाऱ्या दादांनी राखला आहे. फक्त ध्रुवपदाच्या शेवटी मी जिथे गंधारावर, म्हणजे 'ग'वर थांबते, तिथला गंधार माझा नाही. तो किंचित वर उचलला आहे. विचारल्यावर दादा सहजपणे म्हणाले, "थोडा खाली होता गं, पियानोला जुळवून घेतला."

मी काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज (सा) मानून गाते, त्यामुळे माझा गंधार पियानोच्या मधल्या सीवर येतो. त्या सीची कंपने सेकंदाला सुमारे २६१.६ असतात. तानपुऱ्यावर घोटलेला माझा गंधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे २५९.६ च्या आसपास. पडद्यावर हा फरक १४ सेंट दिसतो. सप्तकातल्या बारा स्वरांपैकी शेजारच्या दोन स्वरांमधील अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. एवढ्याशासाठी झोप उडावी का? पण याच गंधारासाठी माझ्या गुरू असलेल्या बाईंनी मला कित्येक सकाळी पुढच्या स्वराकडे जाऊ दिले नव्हते, आणि पहिल्याच अल्बममध्ये तो माझ्या नकळत पुसला जावा, याचे फार वाईट वाटते. आईलाही काही वेगळे जाणवले नाही. "छान झालंय," एवढेच ती म्हणाली आणि मला पुढे काही बोलवेना.

तक्रार तरी कोणाविरुद्ध करायची? पियानो मीच निवडला. कोणत्याही स्वराला षड्ज मानून वाजवता यावे म्हणून त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, आणि त्यापायी प्रत्येक शुद्ध गंधार थोडा चढा राहतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली संवादिनीवर (हार्मोनियमवर) बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. पियानोसारखेच तिचेही स्वर आधीच बांधलेले असतात, आणि तेव्हाच्या आक्षेपांमध्ये हाही एक आक्षेप होता. बाईसुद्धा हेच म्हणत. त्यांचे आणि माझे त्यावरून जे झाले, ते आज लिहीत नाही.

दुपारी पियानोवर बसून तीच जागा सावकाश गाऊन पाहिली. डाव्या हाताच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांमध्ये गंधार असला की माझा गंधार त्याच्यावर घासतो आणि सेकंदाला दोनदा एक लाट येते. दादांना खटकली ती हीच. मग कॉर्डमधला गंधार सोडून नुसते षड्ज-पंचम धरले आणि स्वर जागच्या जागी बसला. षड्ज-पंचमात पियानो जेमतेम दोन सेंट चुकतो, तो कानाला जाणवतही नाही. नंतर खालच्या सप्तकातला षड्ज एकटाच वाजवला, पेडल दाबून ठेवले आणि नाद विरेपर्यंत कान देऊन बसले. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या तारेतून, न छेडता जो स्वयंभू गंधार उमटतो, तोच त्या जाड तारेतूनही येत होता. मी गाते तोच. इतकी वर्षे हे वाद्य वाजवते आहे, पण तो तिथे शोधावा असे कधी मनातच आले नव्हते.

उद्या दादांना विनंती करणार आहे की त्या जागेपुरता डावा हात पुन्हा वाजवू द्यावा आणि आवाज मूळ टेकमधला ठेवावा. पाचव्या गाण्यात मात्र उजवा हात आणि गळा गंधारावर एकत्रच येतात, तिथे पियानोचेच ऐकावे लागेल, आणि आज दुपारनंतर त्याचे तितके दुःख वाटत नाही, कारण तो चढा गंधार वाजवणारी बोटेही माझीच आहेत. बाईंना ते गाणे कसे वाटेल, ते अल्बम त्यांच्याकडे पोहोचल्यावरच कळेल. मी स्वतः नेऊन देईन.