खरपूस की करपट?

भाकरीला तपकिरी ठिपके पडले की ती खरपूस. तव्यावर विसरली की तीच करपट. या दोन शब्दांमधलं अंतर जिला कळतं, त्या जिभेला ओटमील स्टाउट ही काळी बिअर पारखायला फार शिकवावं लागत नाही. काळी बिअर म्हटली की लोक आधी कडूपणाला घाबरतात, पण कडूपणा हा त्यातला बराच सोपा भाग. खरी परीक्षा भाजणीची असते आणि त्यापुढे मऊपणाची.

नावातलं ओटमील म्हणजे ओट्सची भरड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये या बिअरचा पौष्टिक पेय म्हणून गवगवा झाला. आजाऱ्याला पेज द्यावी तशी ही बाटली द्यायची. लंडनच्या काही ब्रुअर्‍या मात्र ओट्स इतके नावापुरते घालत की ते घोटात सापडायचे नाहीत, फक्त लेबलवर दिसायचे. पुढे हा प्रकार जवळजवळ बंद पडला. 1980 मध्ये यॉर्कशरमधल्या टॅडकास्टर गावच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने चार्ल्स फिंकेल या अमेरिकी आयातदाराच्या सांगण्यावरून तो पुन्हा बनवला. 5 टक्के अल्कोहोलची ती बिअर आजही मापदंड म्हणून समोर ठेवली जाते.

पारखायला बसायचं तर आधी ग्लास बघा. ज्या ग्लासातून सकाळी ताक प्यायलं, तो नुसता विसळून चालणार नाही. स्निग्धपणाचा पुसटसा थर उरला तरी फेस बसतो, आणि दोष बिचाऱ्या बिअरच्या माथी येतो. बाटली फ्रीजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात दहाच पुरे. 10 ते 13 अंश सेल्सिअसला ही बिअर बोलायला लागते. 4 अंशांवर मिळतो तो फक्त गारवा आणि कडवटपणा, ओट्सचा पत्ताच नसतो. बर्फाळ मगात स्टाउट देणाऱ्याला ती लपवायची असते, असंच समजावं. शेंगदाणे-चकलीची बशी नंतर. जोडीला साधं पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा, बस्स.

परीक्षकांच्या 50 गुणांच्या तक्त्यात रूपाला फक्त 3 गुण असतात, वासाला 12, चवीला 20, तोंडातल्या पोताला 5 आणि उरलेले 10 एकूण मताला. तरी रूपाकडे बघावंच. ग्लास उजेडासमोर धरला की कडेला डाळिंबी झाक दिसावी. फेस बदामी रंगाचा आणि दाट हवा. इथे ओट्सची एक गंमत आहे: त्यातली प्रथिनं फेस धरतात, पण त्यात जवापेक्षा दुपटीहून जास्त तेल असतं आणि ते फेस मोडतं. कुणाची सरशी होते ते प्रमाणावर ठरतं.

वास घेताना नाक खुपसून बसू नका. दोन-तीन छोटे हुंगे, मग थोडं थांबून पुन्हा. कॉफी, डार्क चॉकलेट, भाजलेला पाव आणि त्यामागे हलका बदामासारखा, ओल्या धान्याचा वास येतो. तो ओट्सचा. ताज्या लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसिटिल. यीस्टने काम संपवायच्या आत बिअर थंड केली की हा मागे राहतो. याचा त्रास असा की तो जिभेवर तुळतुळीत लागतो, आणि नवखा माणूस ‘वा, काय ओट्स लागताहेत!’ म्हणून मोकळा होतो. ग्लास तळव्यांत धरून जरा ऊब द्या. ओट्सचा मऊपणा आहे तसाच राहतो, लोणी मात्र उघडं पडतं. उकडलेल्या मक्याचा, हिरव्या सफरचंदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास हेही दोषच. त्यातला पुठ्ठा म्हणजे हवा लागून शिळी झालेली बाटली.

आता घोट. वाइनसारखा थुंकायचा नाही, गिळायचा, कारण कडूपणाचा शेवट घशाशी कळतो. आधी गोडसर माल्ट (मोड आणून वाळवलेला जव), मग भाजणी, मग हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा, आणि शेवट बऱ्यापैकी कोरडा. काळा रंग येतो 200 अंशांच्या वर भाजलेल्या जवाने. तो एकूण धान्याच्या 5 ते 10 टक्के असला तरी पुरतो. त्याहून वाढवला, किंवा पाणी फार मऊ असलं, की चव आंबट-करपट होते. भाजलेलं धान्य पाण्यात भिजलं की मिश्रणाची आम्लता वाढवतं, आणि पाण्यात ती सावरायला क्षार नसतात. डब्लिन-लंडनचं जड पाणी काळ्या बिअरला मानवलं ते याचमुळे. घोटानंतर चहाची पिशवी चोखल्यासारख्या हिरड्या आवळल्या, तर तो कडूपणा नाही, तुरटपणा आहे. फार गरम पाण्याने धान्य धुतलं की टरफलातला तुरटपणा उतरतो. कडू आणि तुरट यांना एकाच टोपलीत टाकणारा परीक्षक जांभूळ खाल्लेला नसावा.

पोताला 5 गुण ही मला कंजुषीच वाटते, कारण या प्रकारात ओट्स घालायचे ते पोतासाठीच. पेज घट्ट करणारा बीटा-ग्लुकन हा चिकट तंतूच इथे घोटाला रेशमी करतो. धान्यात ओट्स 5 ते 10 टक्के असले की काम होतं. 20 च्या पलीकडे गेले की घोट मऊ लागायचा तो बुळबुळीत लागतो, चिरून ठेवलेल्या भेंडीसारखा. त्याआधी ब्रुअरच रडकुंडीला येतो. गाळणीत लगदा बसतो, पाणी खाली उतरत नाही, मग चोथा सैल राहावा म्हणून त्यात भाताचा तूस मिसळतात. आणि मसाला ओट्सच्या पाकिटाचा विचार मनात आला असेल, तर तो नाश्त्यापुरताच ठेवा.

शेवटची चाचणी बहुतेक जण विसरतात. तळाशी दोन बोटं बिअर ठेवून वीस मिनिटं गप्पा मारा. फेस गेला, गारवा गेला, आता लपायला जागा नाही. बरी जमलेली असेल तर कोमट कोको आणि खरपूस पावाची कडा शिल्लक असते. बिघडलेली असेल तर सोया सॉससारखा वास वर येतो. मेलेल्या यीस्टवर बिअर फार दिवस पडून होती, हे तेव्हा कळतं.