कोव्हॅक्सिनसाठी तालुक्याची फेरी: आजारी माणसांना घेऊन जाताना

गुरुवार, २० जानेवारी २०२२. गावातून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोव्हॅक्सिन या कोविड लसीसाठी एक गाडी गेली. गाडीत डायलिसिसवरचे काका, हृदयाची झडप बदललेल्या काकू, आमवाताचं औषध घेणाऱ्या एक ताई, साठी उलटलेले मधुमेही आजोबा आणि दहावीतला मुलगा. लस सगळ्यांना तीच, अर्धा मिलिलिटर, दंडात. तयारी मात्र प्रत्येकाची निराळी करावी लागली, आणि ती गाडीत बसायच्या आधीच व्हावी लागते.

वार काकांनी ठरवला. त्यांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवारी. डायलिसिस करताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्यामुळे त्याच दिवशी सुई टोचली तर दंडात रक्त साकळायची शक्यता जास्त. मधला दिवस बरा. दुसरं म्हणजे फिस्च्युला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हातावर लस घ्यायची नाही. लस देणाऱ्या सिस्टरांचा हात सवयीनं डाव्या दंडाकडे जातो आणि फिस्च्युला बहुधा डाव्याच हाताला असतो. बाही वर करायच्या आधी सांगावं. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही असाच टाळतात.

काकू वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. लसीसाठी ती गोळी बंद करायची नाही. कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याचा धोका दंडावरच्या काळ्यानिळ्या डागापेक्षा कितीतरी मोठा आहे. अलीकडचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा) रिपोर्ट सोबत हवा आणि आकडा डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत हवा. मर्यादेच्या वर असेल तर फेरी पुढे ढकलावी. टोचल्यावर कापूस घट्ट दाबून धरायचा, निदान दोन मिनिटं, पाच धरला तर उत्तम, चोळायचं नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलवाल्यांनाही हेच. जानेवारी २०२१ मधल्या कंपनीच्या माहितीपत्रकात रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी ही लस घेऊ नये असं छापलं होतं. तो कागद तेव्हाही व्हॉट्सॲपवर फिरत होता आणि त्याच्यापायी झडपवाले, स्टेंटवाले वर्षभर घरी बसले.

ताईंची भीती वेगळी होती: प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असताना विषाणूची लस कशी घ्यायची? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केलेला विषाणू हैदराबादला भारत बायोटेकमध्ये व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) वाढवत आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनानं निकामी करत. तो अंगात वाढू शकत नाही, त्यामुळे लसीतून कोविड होत नाही आणि लसीमुळे आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका लसीचा नसतो, ती कमी लागू पडण्याचा असतो. म्हणून संधिवाताचे डॉक्टर बऱ्याचदा, आजार आटोक्यात असेल तर, डोसनंतर आठवडाभर मेथोट्रेक्सेट (आमवाताचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) थांबवायला सांगतात. हे त्यांनाच विचारून करायचं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नये. रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं इंजेक्शन) घेतलं असेल तर तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची. ते इंजेक्शन ताजं असताना दिलेली लस जवळपास वाया जाते.

(लसीत वासराचा रक्तद्रव असतो अशी अफवा होती, तो प्रश्न गाडीतही निघाला. तो पेशी वाढवताना वापरत, मग पेशी धुऊन घेत. तयार लसीत तो नसे.)

आजोबांना उपाशी आणायचं नाही. लस ही काही साखरेची तपासणी नव्हे. नाश्ता, रोजची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी. रांगेत दोन तास सहज जात म्हणून पाणी आणि बिस्किटं जवळ हवीत. आजोबांचा हा तिसरा, म्हणजे तेव्हाचा प्रिकॉशन डोस. १० जानेवारी २०२२ पासून साठीच्या पुढच्या आजारी माणसांना तो मिळत होता, दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झाले असतील तर. त्यांचा दुसरा डोस एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे अंतर बसलं. डॉक्टरांचा दाखला मागत नव्हते. आधीचे दोन्ही कोव्हॅक्सिन असतील तर तेव्हा तिसराही तोच होता.

केंद्रावर पहिली थांबण्याची जागा, मग नोंदणीचं टेबल, मग लस, मग निरीक्षण. तेव्हा अडायचं ते नोंदणीला. पहिला डोस ज्या मोबाइलवर नोंदवला तोच फोन चालू लागायचा. मुलाचा नंबर दिलेला असेल आणि मुलगा पुण्यात असेल तर ओटीपीसाठी त्याला आधीच कळवून ठेवावं लागे. पहिल्या वेळी दाखवलेलं ओळखपत्रच पुन्हा आणावं लागे. चार आकडी गुप्त कोड मागितला तर तो लस टोचून घेण्यापूर्वी द्यायचा, कारण नोंद त्याच्यावर होई. नोंद राहिली तर डोस घेऊनही प्रमाणपत्र येत नसे. सरकारी केंद्रात लस मोफत होती. खासगीत तेव्हा एका डोसला १,४१० रुपयांपर्यंत पडत.

लसीच्या टेबलावर कुपीवरचं नाव वाचायचं. एकाच इमारतीत कोविशिल्ड ही दुसरी लसही असे, आणि १५ ते १८ वयोगटाला (२००७ किंवा त्याआधी जन्मलेल्या) तेव्हा फक्त कोव्हॅक्सिन चालत होती. लसीतलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तळाशी बसतं, म्हणून भरण्याआधी कुपी हलवायची असते. ती गोठलेली चालत नाही, गोठली की ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटतात आणि लसीचा जोर जातो. साठवण २ ते ८ अंशांत.

नंतरची ३० मिनिटं बहुतेकांना फुकट वाटतात, पण सगळ्या फेरीत सर्वांत मोलाची तीच. दहावीतल्या मुलाला पाचव्या मिनिटाला घेरी आली. रंग उतरला, घाम फुटला, नाडी मंद. आडवं करून पाय वर ठेवले आणि दोन मिनिटांत तो बोलू लागला. ही सुईची भीती, ॲलर्जी नव्हे. तरुण मुलांत ती नेहमीची, त्यामुळे त्यांना बसवूनच टोचावं आणि लगेच उठू देऊ नये. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वासात शिट्टी वाजते, नाडी जलद आणि क्षीण होते. त्यावर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीत, ताबडतोब. ॲव्हिलसारख्या ॲलर्जीच्या साध्या औषधाची वाट पाहत बसायचं नाही. आधीच्या डोसनंतर असं झालं असेल तर पुढचा डोस घ्यायचाच नाही. कोळंबीनं किंवा एखाद्या गोळीनं पूर्वी असं झालं असेल तर नोंदणीलाच सांगून डॉक्टरांना दाखवावं.

घरी आल्यावर दंड दुखतो, कणकण येते, अंग मोडून येतं, दोन दिवसांत ओसरतं. काही केंद्रांवर मुलांना ५०० मिलिग्रॅमच्या तीन पॅरासिटामॉल गोळ्या हातात ठेवत होते. कोव्हॅक्सिननंतर तशी गरज नसल्याचं खुद्द कंपनीनं ५ जानेवारी २०२२ ला सांगितलं होतं. ताप आलाच तर मोठ्यांनी एक गोळी घ्यावी, आधीपासून नको. डायलिसिसवाल्यांनी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊ नये. खोकला, घसा धरणं, वास जाणं ही लसीची लक्षणं नाहीत. त्यासाठी कोविडची तपासणी करून घ्यायची. कोविड झालाच तर पुढचा डोस बरं झाल्यावर तीन महिन्यांनी, असा तेव्हाचा नियम होता.

अँटीबॉडी तपासणीत एक फसगत होते. या लसीत अख्खा विषाणू असल्यानं विषाणूच्या बाहेरच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनाबरोबर त्याच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड (एन) प्रथिनाविरुद्धही अँटीबॉडी तयार होऊ शकतात. त्यामुळे एन-अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून 'कोविड होऊन गेला' असं कोव्हॅक्सिन घेतलेल्याला सांगता येत नाही. आणि आकडा कितीही आला तरी त्यावरून डोस टाळायचा नसतो.

चाचणीत कंपनीनं मोजलेलं ७७.८ टक्के संरक्षण हे दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटल्यावरचं, आणि ओमिक्रॉनच्या आधीचं. एका डोसवर थांबण्यात अर्थ नव्हता. दोन डोसमधलं अंतर २८ दिवसांचं, सहा आठवड्यांपर्यंत चालायचं. त्याहून उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, मिळेल तेव्हा दुसरा घ्यायचा. परदेशी जाणाऱ्यांना दुसऱ्या डोसनंतर कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक जोडून घ्यावा लागे आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवावं लागे. जागतिक आरोग्य संघटनेनं ३ नोव्हेंबर २०२१ ला या लसीला मान्यता दिल्यापासून लसीची अडचण कमी झाली होती, स्पेलिंगची नाही.

काका, ताई आणि मुलगा यांचा हा पहिला डोस होता. २८ दिवसांनी येत होता १७ फेब्रुवारी, पुन्हा गुरुवारच, त्यामुळे डायलिसिसचा वार आड येत नव्हता. ताईंनी मेथोट्रेक्सेटचं तेवढं तोवर विचारून ठेवायचं होतं.