तपासणीचे पैसे वेगळे : आमची वाटचाल

सांगलीत शंभर फुटी रस्त्याला गॅरेजची कमी नाही. इंजिनवाला, पाटेवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, टायरवाला, कुशनवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. या गर्दीत आमचं दुकान ऑटो इलेक्ट्रिकचं, आणि दारात पाटी : ‘तपासणीचे पैसे वेगळे’. म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी कशानं उतरते असले बिघाड शोधण्याचे पैसे दुरुस्तीहून वेगळे. नवी होती तेव्हा लोक ती वाचून हसायचे. काही जण गाडीतून न उतरताच पुढं जायचे. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा या पाटीवर चालतो, म्हणून ती कशी लागली ते सांगतो.

दुकान आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सुरू केलं. तेव्हाचं काम म्हणजे डायनामो आणि सेल्फ बांधणं, वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीच्या, जीपचे हॉर्न-लाईट, ट्रॅक्टरचं वायरिंग आणि रात्रभर बॅटऱ्या चार्जिंगला लावणं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते अशी तक्रार आली की आण्णांचं हत्यार एकच, टेस्ट लॅम्प. निगेटिव्हची केबल काढायची, केबल आणि टर्मिनलच्या मध्ये बल्ब धरायचा. पेटला की गाडी कुठंतरी करंट खातेय. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझला, ती लाईन धरायची. जीपमध्ये फ्यूजच इनमीन पाच-सहा, चहा यायच्या आत निकाल. या शोधाशोधीचे आण्णांनी कधी पैसे घेतले नाहीत. “बघायचं काय घ्यायचं? केलेल्या कामाचं घ्यायचं.”

मी दुकानात बसायला लागलो तोवर गाड्या बदलल्या होत्या. आताच्या गाडीत चावी काढली म्हणून सगळं बंद होत नाही. लॉक, अलार्म, मीटर, स्टिअरिंग, एअरबॅग, प्रत्येकाचा आपापला कंट्रोल युनिट, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. गाडी लॉक केल्यावर ते एकामागून एक झोपतात. काही गाड्या वीस मिनिटांत शांत होतात, काहींना तास लागतो. तोवर अर्धा, एक, कधी दोन ॲम्पिअर करंट चालूच असतो, आणि त्यात दोष काही नसतो. घाईनं मीटर लावून “एवढा लीक!” म्हणणारा मेस्त्री गिऱ्हाइकाला फुकट घाबरवतो. सगळं झोपल्यावर २० ते ५० मिलिॲम्पिअर (हजार मिलिॲम्पिअरचा एक ॲम्पिअर) राहिले तर गाडी ठीक.

त्यातून बॅटरी विकण्यात सरळ पैसा. जुनी परत घ्यायची, नवी टाकायची, अर्ध्या तासात गिऱ्हाईक मोकळं. पण खाणारं खातच राहिलं तर नवी बॅटरीही तशीच उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती पुरता चार्जही घेत नाही. आणि वारंवार खाली बसलेल्या बॅटरीचा वॉरंटी क्लेम पास करून घेणं म्हणजे काऊंटरवर रोजचं भांडण. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं आमच्याकडं येण्याआधी दुसरीकडं दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. “दोन दिस उभी ऱ्हायली की सेल्फच घेत न्हाई. बॅटरीच भिकार निघत्यात सगळ्या.”

त्यांच्या गाडीवर काम कसं केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे नेमके कशाचे हे त्याशिवाय कळत नाही. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून विश्रांतीला ठेवली, १२.६ व्होल्ट धरून राहिली, म्हणजे ती निर्दोष. मग बॉनेट आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्यांची लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून घेतली. गाडीला वाटतं सगळं बंद आहे, आपल्याला मात्र आत हात घालता येतो. चावी लांब टेबलावर. निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावला, तो केबल न काढता तिच्याभोवती चिमट्यासारखा बसतो. केबल काढून मीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, लावला आणि मध्येच कुणी दार उघडलं तर मीटरचाच फ्यूज जातो, म्हणून क्लॅम्प बरा. आणि मग बसायचं. फ्यूज उपसायचे नाहीत, कारण परत लावताना झोपलेलं युनिट जागं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात, त्यावर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टेकवायचा. शून्य म्हणजे ती लाईन शांत. १० ॲम्पिअरच्या फ्यूजवर २ मिलिव्होल्टच्या आसपास दिसले की पाव ॲम्पिअरहून थोडा जास्त करंट तिथून जातोय.

तसंच दिसलं. गाडीभर मिळून ०.३ ॲम्पिअर. दिवसाला ७.२ ॲम्पिअर-अवर, ३५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीतून तीन दिवसांत निम्म्याहून जास्त साफ. लाईन निघाली बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची. स्टिरिओची पिवळी वायर कायम करंटवर असते, मेमरीसाठी. लाल चावीवर हवी. बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळून टेप मारली होती. स्क्रीन बंद दिसायची, आतला ॲम्प्लिफायर रात्रभर जागा. लाल वायर चावीच्या लाईनवर घेतली, करंट २८ मिलिॲम्पिअरवर आला. सामान लागलं : टेप.

“वायर तर जोडली नुसती, मग ८०० कशाचे?” तपासणीच्या पैशांवर बागायतदारांचा हा प्रश्न मला त्या दिवशी नवा नव्हता. पाटी लावली ती बायकोनं. हिशेब ती बघते, आणि अशा एका गाडीमागं एक माणूस आणि एक जागा अर्धा दिवस अडकते हे तिनं वहीत मांडून दाखवलं. आण्णांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण तिची अट बरोबर होती : आकडा गाडी आत घेण्याआधी सांगायचा, नंतर नाही. आधी सांगितलेल्या पैशावर कुणी फारसं भांडत नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि नंतर दुकान उघडायची परवानगी मिळाली तशी, उभ्या गाड्या सुरू होईनात म्हणून, फोनची रीघ लागली. तेव्हा बहुतेकांना आम्ही तपासणी नकोच म्हणालो. ३० मिलिॲम्पिअर खाणारी निर्दोष गाडीसुद्धा महिन्यात २१-२२ ॲम्पिअर-अवर ओढते. दोन-तीन वर्षं वापरलेली बॅटरी तेवढ्यानं झोपणारच. चार्ज करून दिली की काम संपलं.

त्याच्या आधीच्या वर्षीचं काम मात्र वेगळं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. बुडालेल्या गाड्या धुवून, वाळवून रस्त्यावर आल्या, पण कार्पेटखालच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, गाळ राहिला. काही महिन्यांनी पिनांवर हिरवट चढलं आणि त्यातून करंट झिरपायला लागला. या गाड्या मीटरवर एक आकडा दाखवत नाहीत. कधी ४० मिलिॲम्पिअर, दमट हवेत २००. सीट काढून, कार्पेट उचलून, कपलर एकेक उघडून बघण्याला पर्याय नाही. पुरातल्या गाडीचा ठरलेला दर आम्ही आजही सांगत नाही.

विश्रामबागच्या एका निवृत्त सरांच्या गाडीनं मात्र आमची चांगली परीक्षा घेतली. आमच्याकडं रात्रभर उभी, करंट एकदम सुरेख. घरी नेली की चौथ्या दिवशी बॅटरी डाऊन. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोडही तपासले, कारण खराब डायोडमधून उलटा करंट जातो, तेही नीट. शेवटी दुकानातला पोरगा मीटर घेऊन त्यांच्या पोर्चमध्येच जाऊन बसला. गाडी झोपायची आणि थोड्या वेळानं परत जागी व्हायची. पोर्चच्या भिंतीपलीकडं, गाडीच्या दारापासून जेमतेम हातभर, सरांचा चाव्यांचा स्टँड. बिनचावीची गाडी आणि तिचा रिमोट रात्रभर एकमेकांशी बोलत होते. काही गाड्यांत हे होतं. रिमोटचा सेलही लवकर संपतो. तो मागच्या खोलीत ठेवायला सांगितला, तक्रार थांबली. बिल दिलं पूर्ण ८०० चं. सरांनी पाटी वाचली, “चावी हलवायचे एवढे?” म्हणाले, पण दिले, आणि पुढं त्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच गाड्या आल्या.

आता इलेक्ट्रिक गाड्याही येतात. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आणि गाडी ढिम्म, अशी तक्रार. त्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. ती बसली की मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, लागत नाहीत. मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलला आम्ही हात लावत नाही, ते शोरूमचं काम. १२ व्होल्टची बाजू मात्र आमची, आणि पद्धतही तीच : मीटर लावा, गाडी झोपायची वाट बघा. यंदा मागचा रिकामा प्लॉट भाड्यानं घेतला तो त्यासाठीच. दुकानासमोर एका वेळी दोनच गाड्या झोपवता येत होत्या, आणि तिसरी आली की शेजारच्या टायरवाल्याशी रोज वाद व्हायचा.