फरशीवर अडकलेली गाडी आणि तिचा क्लेम

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की छातीला, यावरून सराफ बाजारातला दुकानदार माल वर हलवायचं ठरवतो. गंगापूर धरणातून किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, तेही मोबाईलवर येत राहतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे आकडे वाचायची सवयच लागली आहे. हरसूल-पेठकडच्या ओहोळांना मात्र ना धरण, ना मारुती. तिथे बुटके फरशी पूल असतात, आणि वर डोंगरात पावसाने जोर धरला की फरशी बघता बघता पाण्याखाली जाते.

हरसूलहून आईला घेऊन मी आणि धाकटा भाऊ परत येत होतो. फरशीवर चढलो तेव्हा पाणी खालच्या पाइपांतून वाहत होतं. पुढची पिकअप मध्येच बंद पडली, मागून जीप येऊन थांबली, आणि तेवढ्यात लोंढा आला. पाणी निम्म्या चाकाला लागताच भावाने इंजिन बंद केलं. पलीकडच्या वस्तीवरची माणसं दोर घेऊन धावत आली. "भाऊ, गाडीचं राहू द्या, आईला पहिलं काढा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आईला त्यांनी अक्षरशः उचलून नेलं. त्या माणसांचे उपकार फिटणारे नाहीत. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलली जाऊ शकते आणि दोन फुटांत मोठीही वाहून जाते, कारण एक घनमीटर पाण्याचं वजनच हजार किलो. आमची गाडी कडेच्या दगडांना अडून राहिली, पण पाणी सीटपर्यंत चढलं होतं.

पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टरने गाडी बाहेर ओढली. जमलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले, एकदा सेल्फ मारून बघा. भावाने चावी खिशातून काढलीच नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर ठरलं. पेट्रोल असो वा डिझेल, हवा ओढायच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल आणि अशात इंजिन फिरवलं, तर पिस्टन पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाल्यानेही फोनवर तेच सांगितलं: चावी लावू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी ओढत न आणता फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून आणा.

गाडी हलवण्याआधी मी फोटो काढले. दारावरची चिखलाची रेषा, आतलं पाणी, नंबर प्लेटसह फरशी, बंद पडलेली पिकअप. क्लेमची खबर त्याच रात्री विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर दिली आणि दावा क्रमांक लिहून घेतला. फ्लॅटबेडची पावती जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी पेपरातली त्या भागातल्या पावसाची बातमीही कापून ठेवली.

मोटारीचा क्लेम ५०,००० रुपयांच्या वर जाणार असेल तर नुकसान तपासून त्याचा अंदाज देणारा परवानाधारक सर्व्हेअर लागतो. आमचे सर्व्हेअर नीट काम करणारे होते. त्यांनी कार्पेट उचलायला लावलं, फ्यूज बॉक्स उघडून पाहिला, डिपस्टिक ओढली. ऑइल चहासारखं दुधाळ झालं होतं.

तरीही कंपनीचं पत्र आलं: आतली सफाई, वायरिंग, सीट मंजूर, इंजिनाचं काम 'परिणामी नुकसान' म्हणून नामंजूर. आमच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं जादा कवच नव्हतं. पत्र वाचून खूप संताप आला, पण फोनवर भांडून काही निघत नाही. मी पॉलिसीची छापील अट काढली. पूर हा त्यात नावानिशी दिलेला धोका आहे. बुडालेलं इंजिन फिरवल्याने जे मोडतं ते परिणामी नुकसान, हे मला मान्य. पण आमचं इंजिन फिरवलंच नव्हतं. गॅरेजकडून लेखी अहवाल घेतला: इंजिन उघडलं, रॉड सरळ आहेत, नुकसान फक्त आत शिरलेल्या पाण्याचं. तो अहवाल, फोटो आणि फ्लॅटबेडची पावती जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवलं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील नाही. तो अर्जही मी लिहून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही, इंजिनाची सफाई, सील आणि ऑइलचा खर्च मंजूर झाला.

पूर्ण बिल मिळतं असं समजू नका. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने वजा होतात, आणि झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, नसेल तर रबर, प्लास्टिक, बॅटरीचे निम्मेच पैसे मिळतात. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. नूतनीकरणाच्या वेळी मी इंजिन प्रोटेक्शन घेतलं. गाडी नदीपलीकडे जाणार असेल तर ते घ्याच.

क्लेम संपला, पण ती फरशी तशीच आहे. तिथे रंगाने फूट आखलेला एक खांब असला, तर येणाऱ्याला लांबूनच पाणी किती ते कळेल. वस्तीवरच्या मंडळींच्या सह्या घेऊन तसा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच माझ्याकडे आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावायचा, एवढं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.