ड्रायव्हर कर्नलमधलं फंक्शन कॉल करतो तेव्हा नेमकं काय होतं

साध्या प्रोग्रामला फाइल उघडायची असली की सिस्टिम कॉल होतो, म्हणजे तो कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विनंती करतो. प्रोसेसर आपली अधिकाराची पातळी बदलतो, स्टॅक बदलतो, कर्नल आलेलं प्रत्येक आर्ग्युमेंट तपासतो आणि काही चुकीचं असेल तर एरर कोड परत देतो. प्रोग्राम जिवंत राहतो. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड, मात्र कर्नलच्या घरातलाच असतो. त्याने कर्नलचं एखादं फंक्शन बोलावलं तर एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर) ती फक्त ५ बाइटची कॉल इन्स्ट्रक्शन असते. पातळी तीच, स्टॅक तोच, मेमरीही तीच. पहिली सहा आर्ग्युमेंट्स ठरलेल्या सहा रजिस्टरमध्ये ठेवायची आणि उडी मारायची. ही उडी योग्य आहे का, हे त्या क्षणी कुणीही विचारत नाही.

विचारपूस होते ती एकदाच, मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये चढवता येणारा ड्रायव्हरचा तुकडा) लोड होताना. उंबरठ्यावर कडक तपासणी आणि आत गेल्यावर पूर्ण भरवसा, असा हा सगळा कारभार आहे. ड्रायव्हरच्या चुका शोधताना हा फरक डोक्यात पक्का असला पाहिजे, कारण नावाच्या चुका दारातच पकडल्या जातात आणि वापराच्या चुका मशीन बंद पाडल्यावर कळतात.

मॉड्यूलची केओ फाइल ही अर्धवट लिंक केलेली ईएलएफ (लिनक्समधल्या प्रोग्रामच्या साच्यातली) फाइल असते. तिच्यावर नावांची यादी देणारी एनएम कमांड चालवून पाहा. ज्या नावांपुढे यू येतं ती सगळी मॉड्यूलमध्ये नाहीत, बाहेरून मिळायची आहेत. ही यादी प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने एकदा तरी नीट वाचावी, कारण आपण कोडमध्ये लिहिलेली नावं तिथे बऱ्याचदा दिसतच नाहीत. मेमरी मागायचं केमॅलॉक शोधाल तर सापडणार नाही. ते हेडरमधलं इनलाइन फंक्शन आहे, म्हणजे कंपायलर त्याचा कोड कॉलच्या जागीच घालतो, त्यामुळे यादीत येतं ते त्याच्या पोटातलं, कर्नलच्या आवृत्तीनुसार बदलणारं दुसरंच नाव. संदेश छापणाऱ्या प्रिंटकेचंही तसंच. कर्नल ५.१५ पासून प्रिंटके हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधीच दुसऱ्या मजकुराने बदलला जाणारा शब्द) झाला आणि खरं फंक्शन पुढे अंडरस्कोअर लावून _प्रिंटके झालं. सोर्समधली एकही ओळ बदललेली नसते, तरी ५.१४ वर बांधलेलं मॉड्यूल जुनं नाव मागतं आणि नव्या कर्नलमध्ये ते नाव सापडत नाही. म्हणून तक्रार वाचताना आपण काय लिहिलं यापेक्षा कंपायलरने काय मागितलं ते बघायचं.

आता देणाऱ्याची बाजू. कर्नलमध्ये हजारो फंक्शन्स आहेत, पण मॉड्यूलला मिळतात ती फक्त एक्स्पोर्ट_सिम्बॉल किंवा एक्स्पोर्ट_सिम्बॉल_जीपीएल लावलेली. सिम्बॉल म्हणजे फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव, आणि जीपीएल हे लिनक्सचं खुलं लायसन्स. हे मॅक्रो त्या फंक्शनची एक नोंद कर्नलच्या तक्त्यात टाकतात: पत्ता, नाव आणि नेमस्पेस (नावांचा गट). आजच्या एक्स८६-६४ कर्नलमध्ये हे तिन्ही पूर्ण पत्ते नसून ४-४ बाइटचे सापेक्ष आकडे असतात, म्हणजे एका नोंदीला १२ बाइट. तक्ता नावाच्या क्रमाने लावलेला असतो, त्यामुळे बायनरी सर्चने नाव चटकन सापडतं.

इथे एक गैरसमज फार दिसतो. प्रॉकखालच्या कॅलसिम्स फाइलमध्ये नाव दिसलं म्हणजे ते कॉल करता येईल असं लोक धरून चालतात. त्या फाइलमध्ये स्टॅटिक फंक्शन्ससुद्धा असतात, आणि तिथे असणं व एक्स्पोर्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरी यादी कर्नल बांधताना तयार होणाऱ्या मॉड्यूल.सिमव्हर्स फाइलमध्ये असते: प्रत्येक ओळीत सीआरसी (फंक्शनच्या प्रकारावरून काढलेला ओळखीचा आकडा), नाव, ते कुठून आलं, आणि साधा एक्स्पोर्ट की जीपीएल. आधी तिथे ग्रेप करून नाव शोधा, मगच फंक्शनवर विसंबून डिझाइन करा.

लोड होताना काय घडतं ते एका कॉलपुरतं जवळून पाहू. ऑब्जडंपने डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) काढली की कॉलच्या जागी ई८ हा एक बाइट आणि त्यानंतर चार शून्य बाइट दिसतात. त्या चार बाइटच्या रिकाम्या जागेला एक रिलोकेशन नोंद जोडलेली असते: ‘इथे _प्रिंटकेचा पत्ता भरा, उणे ४’. कर्नल तक्त्यातून पत्ता काढतो आणि फंक्शनचा पत्ता अधिक उणे ४, वजा त्या जागेचा पत्ता, असं गणित करतो. सोप्या आकड्यांत: फंक्शन २००० वर आहे आणि भरायची जागा ५००० वर. २००० - ४ - ५००० = -३००४. हा आकडा त्या चार बाइटमध्ये जातो. प्रोसेसर ती इन्स्ट्रक्शन वाचून पूर्ण करतो तेव्हा त्याचा काटा ५००४ वर असतो, आणि ५००४ मधून ३००४ गेले की बरोबर २०००. उणे ४ कशासाठी, याचं उत्तर एवढंच. सगळ्या जागा भरून झाल्या की कोडची पानं फक्त वाचण्यापुरती आणि चालवण्यापुरती उरतात. त्यानंतर मध्ये ना कुठला तक्ता असतो, ना नावाचा शोध. मॉड्यूलमधला कॉल हा कर्नलच्या स्वतःच्या कॉलइतकाच थेट असतो.

चार बाइटच्या आकड्याने पुढे-मागे २ जीबीपर्यंतच पोहोचता येतं. म्हणून एक्स८६-६४ वर मॉड्यूल्सची जागा कर्नलच्या कोडला लागूनच, पत्त्यांच्या अगदी वरच्या २ जीबीत राखून ठेवलेली आहे. एआरएम६४ वर (एआरएमच्या ६४ बिट प्रोसेसरवर) कॉलची पोहोच १२८ एमबीच आहे. मॉड्यूल त्याहून लांब पडलं तर लोडर मध्ये एक छोटा टप्पा बांधतो: आधी तिथे उडी, तिथून पूर्ण पत्त्यावर.

पूर्वी हे लिंकिंग इन्समॉड हा मॉड्यूल चढवणारा प्रोग्राम बाहेरून करत असे. रस्टी रसेल यांनी २००२ मध्ये, २.५ मालिकेत, ते काम कर्नलच्या आत आणलं. म्हणून आज इन्समॉडचा स्वतःचा संदेश फार त्रोटक असतो आणि खरं कारण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, मिळतं. तिथे ‘अननोन सिम्बॉल’च्या शेवटी कंसात आकडा असतो, तो आधी वाचा. उणे २ म्हणजे नाव मिळालंच नाही. उणे २२ असेल तर बहुतेकदा नाव मिळालं, पण सीआरसी जुळला नाही.

उणे २ चं सगळ्यात साधं कारण म्हणजे दुसरं मॉड्यूल आधी लोड झालेलं नसणं. इन्समॉड दिलेली एक फाइल चढवतो, बाकी काही बघत नाही. मॉडप्रोब मात्र डेपमॉडने केलेली अवलंबनाची यादी वाचून लागणारी मॉड्यूल्स आधी आणतो. दुसरं कारण लायसन्स. मॉड्यूल_लायसन्समध्ये जीपीएलशी सुसंगत नाव नसेल तर जीपीएल एक्स्पोर्ट्स त्या मॉड्यूलला दाखवलेच जात नाहीत. संदेश मात्र ‘नाव सापडलं नाही’ असाच येतो, त्यामुळे माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतो. मॉड्यूल बांधतानाच मॉडपोस्ट या टप्प्यात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं जातं. तिथले इशारे वाचायची सवय लावून घ्या.

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉर्मॅट’ आलं तर बहुधा व्हरमॅजिक (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलं ते सांगणारी ओळ) जुळलेलं नसतं. मॉडइन्फोने ती ओळ बघा: कर्नलची आवृत्ती, एसएमपी, प्रीएम्प्ट वगैरे शब्द. कर्नलची मॉडव्हर्जन्स ही सेटिंग चालू असेल तर आवृत्तीचा भाग तुलनेतून वगळला जातो आणि प्रत्येक सिम्बॉलचा सीआरसी निर्णय देतो. हा ३२ बिटचा आकडा फंक्शनच्या पूर्ण प्रकारावरून निघतो, त्यात आर्ग्युमेंट म्हणून येणाऱ्या स्ट्रक्चरची आतली फील्ड्ससुद्धा येतात.

तो इतका काटेकोर का, हे समजून घेण्यासारखं आहे. ड्रायव्हर एका हेडरवर कंपाइल झाला तेव्हा एक फील्ड ६४ व्या बाइटवर होतं. नव्या कर्नलमध्ये त्याच्या आधी ८ बाइटचा पॉइंटर आला, फील्ड ७२ वर सरकलं. फंक्शनचं नाव तेच, आर्ग्युमेंट्स तीच. पण ड्रायव्हरच्या मशीन कोडमध्ये ६४ कोरलेलं आहे. तो नव्या पॉइंटरवरच लिहितो आणि कर्नल पुढे कधीतरी, पूर्ण वेगळ्या ठिकाणी कोसळतो. मॉडप्रोबला सक्तीचा पर्याय देऊन ही तपासणी बंद करता येते, कर्नलमध्ये ती सोय चालू असेल तर. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. हेडर्स जुळवून पुन्हा बांधा. लिनक्समध्ये कर्नलच्या आतल्या इंटरफेसला स्थैर्याची हमी नाही आणि ती मुद्दामच दिलेली नाही. अँड्रॉइडने जीकेआय या आपल्या सामायिक कर्नलसाठी ठरावीक सिम्बॉल्सची यादी गोठवली, ती त्यांची वेगळी व्यवस्था.

याच कारणाने कॅलसिम्स_लुकअप_नेमचा आडमार्ग वाईट होता. एक्स्पोर्ट नसलेल्या फंक्शनचा पत्ता नावावरून काढायचा आणि पॉइंटरमधून कॉल करायचा. २०२० मध्ये ५.७ कर्नलने त्या फंक्शनचा एक्स्पोर्ट काढून घेतला. आता काही जण केप्रोब (चालू कर्नलमध्ये तपासणीसाठी सापळा लावायची सोय) लावून तोच पत्ता मिळवतात. असा मिळवलेला पत्ता ना लायसन्स तपासतो, ना सीआरसी. दोन आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या फंक्शनला तिसरं वाढलं तरी तुमचं मॉड्यूल खुशाल लोड होतं आणि तिसऱ्या रजिस्टरमध्ये पडलेला कचरा आर्ग्युमेंट म्हणून आत जातो. खरोखर गरज असेल तर एक्स्पोर्टसाठी पॅच पाठवावा, आणि त्यासोबत ते फंक्शन वापरणारा कोडही मुख्य कर्नलमध्ये द्यावा लागतो, नुसता एक्स्पोर्ट घेत नाहीत.

आत गेल्यावरच्या चुकांत पहिली म्हणजे संदर्भाची. केमॅलॉकला जीएफपी_कर्नल दिलं तर ते मेमरी मोकळी होईपर्यंत झोपू शकतं. इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणाची हाक आली की लगेच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) किंवा स्पिनलॉक (इतरांना जागच्या जागी थांबवून ठेवणारं कुलूप) धरलेला असताना झोपायला परवानगी नाही, तिथे जीएफपी_अ‍ॅटॉमिक लागतं आणि ते रिकाम्या हाताने परत येऊ शकतं हे गृहीत धरावं लागतं. मेमरी भरपूर असेपर्यंत चुकीचा कोडही महिनोन्‌महिने चालतो, हीच यातली भीती. ड्रायव्हर बनवताना डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप आणि प्रूव्ह_लॉकिंग या तपासण्या चालू असलेला कर्नल वापरा. मग झोपायची वेळ प्रत्यक्षात आली नाही तरी पहिल्याच कॉलला तक्रार येते.

परतीच्या किमती सवयीने वाचू नयेत. साध्या प्रोग्रामच्या मेमरीतून डेटा आणणारं कॉपी_फ्रॉम_यूझर एरर कोड देत नाही, कॉपी न झालेले बाइट किती ते देतं. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट (‘चुकीचा पत्ता’ हा एरर कोड) तुम्ही स्वतः परत करायचं. पॉइंटर देणारी बरीच फंक्शन्स चूक झाल्यावर नल देत नाहीत. पत्त्यांच्या टोकाच्या ४०९५ किमती एररसाठी राखीव आहेत, त्यातली एक देतात. तिथे नलची तपासणी निरुपयोगी, इज_एररच लागतं. आणि स्टॅक एक्स८६-६४ वर १६ केबी आहे, तोही वरपासून आलेल्या सगळ्या कॉल्समध्ये वाटून घ्यायचा, तेव्हा ४ केबीचा बफर लोकल व्हेरिएबल म्हणून ठेवू नका.

उलट दिशेचा प्रवास वेगळ्या वाटेने होतो. कर्नलला तुमच्या ड्रायव्हरची नावं ठाऊक नसतात. तुम्ही फाइल_ऑपरेशन्ससारखं फंक्शन पॉइंटर्सनी भरलेलं स्ट्रक्चर नोंदवता आणि कर्नल त्यातून कॉल करतो. पॉइंटरचा प्रकार फंक्शनशी तंतोतंत जुळला पाहिजे. कास्ट करून कंपायलरला गप्प केलं, तर ६.१ पासून आलेल्या केसीएफआय या पॉइंटर-कॉल तपासणीसह बांधलेला कर्नल त्या कॉललाच थांबवतो.

मॉड्यूल काढताना याच पॉइंटर्सपासून सगळ्यात मोठा धोका असतो. तुमची सिम्बॉल्स वापरणारं दुसरं मॉड्यूल असेल तर आरएममॉड नकार देतो, एलएसमॉडच्या शेवटच्या रकान्यात ते मॉड्यूल दिसतं. पण टायमर, वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग) आणि इंटरप्ट यांच्याकडे दिलेल्या पॉइंटर्सची अशी मोजदाद कुणी ठेवत नाही. एक्झिट फंक्शनमध्ये आधी बाहेरून येणारी वाट बंद करा, म्हणजे डिव्हाइसची नोंदणी काढा. मग डिव्हाइसला इंटरप्ट पाठवणं थांबवायला सांगून फ्री_आयआरक्यूने हँडलर काढा, कारण तोच हँडलर नवं काम रांगेत टाकत असतो. त्यानंतर कॅन्सल_वर्क_सिंक आणि टायमर_डिलीट_सिंक, जुन्या कर्नलवर डेल_टायमर_सिंक. काम आणि टायमर एकमेकांना पुन्हा सुरू करत असतील तर ते चक्र एखाद्या फ्लॅगने आधी तोडा. मेमरी सगळ्यात शेवटी सोडा. क्रम उलटा झाला तर टायमर वाजतो तेव्हा त्या पत्त्यावर तुमचं फंक्शन उरलेलं नसतं.