तो लाल डागवाला रिपोर्ट
परवा मैत्रिणीने तिचा थर्मोग्राफीचा (स्तनाच्या कॅन्सरसाठी उष्णतेचा फोटो काढतात ती तपासणी) रिपोर्ट दाखवला, सगळी छाती निळी-हिरवी आणि मध्येच एक लाल डाग, आणि म्हणे मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, दाबतात, दुखतं, वर रेडिएशन, त्यापेक्षा हे बरं ना, कोणी हातसुद्धा लावत नाही. सोपं आहे खरं! गार खोलीत दहा-पंधरा मिनिटं उघडं बसायचं, मग इन्फ्रारेड कॅमेरा फोटो काढतो, झालं. पण तो कॅमेरा बघतो काय, तर कातडीवरची उष्णता, बस; गरम तिथे लाल, गार तिथे निळं. कॅन्सरच्या गाठीवरची कातडी जास्त गरम असते हे रे लॉसन नावाच्या डॉक्टरने १९५६ मध्येच नोंदवलंय, पण गाठ खोल असली तर फोटो छान निळाच येऊ शकतो, आणि नुसती सूज असली तरी लाल. मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके, जे कधी कधी कॅन्सरची पहिली खूण असतात, ते तर यात दिसतच नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं, वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) १९८२ मध्ये परवानगी दिली तीसुद्धा दुसऱ्या तपासणीच्या जोडीला म्हणून, मॅमोग्राफीच्या ऐवजी नाही (हे त्या गुळगुळीत रिपोर्टवर कुठे छापतील!). मी म्हटलं, लाल डाग असो नसो, तू आधी मॅमोग्राफी करून घे. चिडलीये माझ्यावर, पण गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये.